न मागितलेला स्पाइक

संगणकाच्या पडद्यावर उणे ६५ मिलिव्होल्टवर एक रेष आडवी चाललेली असते: समीकरणांनी बनवलेल्या एका चेतापेशीचं व्होल्टेज. पन्नासाव्या मिलिसेकंदाला पेशीत ऋण करंट सोडायचा, दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोअँपिअर, आणि तीस मिलिसेकंदांनी तो काढून घ्यायचा, एवढाच प्रयोग. करंट ऋण आहे, म्हणजे पेशीला दाबायचंच आहे. रेष खाली वाकते, उणे ८७ च्या जवळ जाऊन टेकते आणि तिथे पडून राहते. मग करंट संपतो. आता ती निमूट वर येईल आणि उणे ६५ वर थांबेल, असं कुणालाही वाटेल. ती वर येते, ६५ ची पातळी गाठते, पण थांबत नाही. क्षणभर रेंगाळल्यासारखी होते आणि मग एका झेपेत शून्याच्या कितीतरी वर जाते. पूर्ण उंचीचा, धडधाकट स्पाइक, म्हणजे चेतापेशी निरोप धाडते तेव्हाची व्होल्टेजची क्षणभराची उसळी. पेशीला उत्तेजन दिलेलंच नव्हतं. उलट होता तो दाब काढून घेतला, तर ती ओरडली.

हे पहिल्यांदा पाहणारा माणूस कोड उघडतो. कुठेतरी वजाचा अधिक झाला असणार, एखादा कंस चुकला असणार. हा संशय रास्तच आहे, कारण अशा कामात चुका सहसा आरडाओरडा करत येत नाहीत. प्रोग्रॅम नीट चालतो, आलेख गुळगुळीत येतो, आणि तरी तो खोटा असू शकतो. प्रयोगशाळेत खऱ्या चेतातंतूने असं काही केलं तर तो निसर्गाचा शब्द म्हणून आपण मान खाली घालतो आणि कारण शोधायला लागतो. संगणकातल्या पेशीला तो मान नसतो. तिथे जे आहे ते सगळं आपणच घातलेलं, मग आपण न घातलेलं काही बाहेर आलं तर त्याला काय म्हणायचं?

चूक आणि शोध पडद्यावर अगदी सारखे दिसतात.

आधी पेशीत आपण काय घालतो ते मोजून घेऊ. पेशीपटलाचा एक चौरस सेंटिमीटर घ्यायचा. तो विजेच्या दृष्टीने एक कपॅसिटर, १ मायक्रोफॅरडचा. त्याला समांतर तीन वाटा. सोडियमची वाट, जास्तीत जास्त वाहकता १२० मिलिसीमेन्स, आणि तिचा ओढा अधिक ५० मिलिव्होल्टकडे. पोटॅशियमची ३६, ओढा उणे ७७ कडे. आणि एक गळती, फक्त ०.३, ओढा उणे ५४.३८७ कडे. गळती कायम उघडी. बाकी दोन वाटांवर झडपा आहेत. पोटॅशियमच्या वाटेवर ‘एन’ नावाच्या चार सारख्या झडपा, चारही उघड्या असल्या तरच वाट मोकळी, म्हणून एनचा चौथा घात. सोडियमच्या वाटेवर ‘एम’च्या तीन आणि ‘एच’ची एक. एम व्होल्टेज चढलं की भराभर उघडते. एच उलट वागते, व्होल्टेज चढलं की सावकाश मिटते. प्रत्येक झडपेला दोन दर असतात, उघडण्याचा अल्फा आणि मिटण्याचा बीटा, आणि दोन्ही फक्त व्होल्टेजवर ठरतात. म्हणजे एकूण चार बदलत्या राशी: व्होल्टेज, एम, एच, एन. त्यांची चार समीकरणं. कागदाच्या अर्ध्या पानात मावतात. त्यात ‘दाब काढला की स्पाइक टाक’ असं लिहिलेली ओळ कुठेही नाही. ‘स्पाइक टाक’ अशीसुद्धा ओळ नाही.

हे सगळे आकडे माकळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, चेतातंतूचे आहेत. रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या बाजारात जे माकूळ वाट्यावर मिळतं, त्याच कुळातल्या उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या जातीचे. माकूळ साफ करताना पिशवीसारखं अंग उभं चिरून पसरलं, आतला पारदर्शक काचेसारखा दांडा ओढून काढला, की आतल्या बाजूला दोन ठिकाणी चांदणीसारखी गाठ असते आणि तिथून पांढरट दोरे मांसात पसरलेले असतात. हात बुळबुळीत झालेले असतात, पाणी शाईने काळवंडलेलं असतं, आणि ते दोरे एका फटक्यात खरवडून जातात. संकट दिसलं की माकूळ पिशवीतलं पाणी जोरात बाहेर फेकून मागे सुटतं. त्यासाठी सगळ्या अंगाचे स्नायू एकदम आवळायला हवेत, म्हणून निरोप नेणारा तंतू जाड झाला. उत्तर अटलांटिकच्या माकळात तो अर्ध्या मिलिमीटरच्या घरात जातो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. माणसाचे तंतू मायक्रोमीटरमध्ये मोजावे लागतात. माकळाच्या तंतूत चांदीची बारीक तार लांबीच्या दिशेने सरकवता येते, आणि ही एकच सोय नसती तर वरच्या परिच्छेदातला एकही आकडा इतक्या लवकर हाती आला नसता.

केंब्रिजचे शास्त्रज्ञ ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९३९ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत या तंतूच्या आत इलेक्ट्रोड सरकवून स्पाइक मोजला, आणि काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं. काम पुन्हा उभं राहायला बरीच वर्षं गेली. १९४९ च्या मोसमात त्यांनी प्लिमथला व्होल्टेज क्लॅम्पची मोजमापं घेतली. तंतूचं व्होल्टेज हव्या त्या आकड्यावर जबरदस्तीने धरून ठेवायचं आणि ते धरून ठेवायला किती करंट लागतो ते पाहायचं. बाहेरच्या पाण्यातलं सोडियम काढून त्या जागी कोलीन हे दुसरं रसायन घातलं की सोडियमचा वाटा गळून पडतो, उरतो तो पोटॅशियमचा. वजाबाकी केली की दोन्ही सुटे. १९५२ मध्ये हे काम पाच शोधनिबंधांत छापून आलं, पहिल्यात बर्नार्ड कॅट्झही सहलेखक होते. शेवटच्या निबंधात ती चार समीकरणं आहेत.

आणि त्या निबंधातल्या गणिताची गोष्ट तर सिम्युलेशन करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी ठेवावी अशी आहे. केंब्रिजमध्ये एडसॅक हा संगणक होता, पण त्याच सुमारास तो दुरुस्तीबदलासाठी अनेक महिने बंद. हक्सलींनी मग ब्रुन्सविगा नावाच्या, हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर समीकरणं सोडवली. दांडा फिरवायचा, आकडा वाचायचा, लिहायचा, वेळेचा पुढचा घास, म्हणजे पुढचा छोटासा टप्पा, घ्यायचा. तंतूतून पुढे धावणाऱ्या एका स्पाइकला सुमारे तीन आठवडे लागले. धावणाऱ्या स्पाइकसाठी वेग आधी अंदाजाने धरावा लागे, आणि अंदाज जरा चुकला की गणित वर किंवा खाली अनंताकडे सुटे. वर सुटलं की वेग एका दिशेला बदलायचा, खाली सुटलं की दुसऱ्या. योग्य वेगालाच रेष विश्रांतीच्या पातळीवर परत येई. असा मिळालेला वेग सेकंदाला १८.८ मीटर. त्या तंतूत प्रत्यक्ष मोजलेला, २१.२. क्लॅम्पमध्ये धरून ठेवलेल्या, म्हणजे स्पाइक टाकूच न दिलेल्या तंतूच्या मोजमापांतून धावणाऱ्या स्पाइकचा वेग इतक्या जवळ यावा, हे मला आजही थक्क करतं. गणित फुटणं ही तिथे अडचण नव्हती, तो रस्ता दाखवणारा खांब होता.

आज तेच काम करायला लागतं काय? झडपांच्या सुरुवातीच्या किमती विश्रांतीच्या, म्हणजे करंट नसताना पेशी उणे ६५ वर स्थिर असते तेव्हाच्या, असाव्यात: एम ०.०५३, एच ०.५९६, एन ०.३१८. हे आकडे पाठ करायची गरज नाही, अल्फाला अल्फा अधिक बीटाने भागलं की येतात. पण शून्य ठेवू नयेत. एन शून्यावर ठेवला तर पोटॅशियमची वाट बंदच सुरू होते आणि करंट न देताही व्होल्टेज उगाच वर उसळतं. मग वेळेचे घास. ०.०१ मिलिसेकंदाचा एक घास धरला तर शंभर मिलिसेकंदांना दहा हजार फेऱ्या. प्रत्येक फेरीत सहा दर, तीन करंट, चार बेरजा. घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर संपतं. एककं मात्र एकाच घरातली ठेवायची: मिलिव्होल्ट, मिलिसेकंद, मायक्रोअँपिअर, मिलिसीमेन्स, मायक्रोफॅरड. मिलिसीमेन्स गुणिले मिलिव्होल्ट म्हणजे बरोबर मायक्रोअँपिअर, आणि त्याला मायक्रोफॅरडने भागलं की मिलिव्होल्ट दर मिलिसेकंद. कुठेही हजाराने गुणावं-भागावं लागत नाही. कुणी मध्येच वेळ सेकंदात घेतला की हे घर मोडतं.

दुसरी चूक जास्त फसवी, कारण ती पुस्तकांतून येते. १९५२ च्या निबंधात व्होल्टेज विश्रांतीपासून मोजलेलं आहे आणि दिशा आजच्या उलट, म्हणजे उत्तेजन ऋण. तिथे सोडियमचा आकडा उणे ११५ आणि पोटॅशियमचा अधिक १२. नंतर कुणी दिशा फिरवली पण शून्य तेच ठेवलं, कुणी विश्रांती उणे ६५ वर आणली. तिन्ही पद्धती बरोबर, पण अल्फा एका पुस्तकातून आणि बीटा दुसऱ्यातून उचलला की संपलं. कोड चालतो, रेष हलते, कधी कधी स्पाइकसारखं काहीतरी येतंही. यावर उपाय साधा आहे. करंट शून्य ठेवून शंभर मिलिसेकंद चालवा. रेष उणे ६५ वर अगदी स्थिर राहिली पाहिजे. अर्धा मिलिव्होल्टही घसरली तर पुढे जाऊ नका. हा कंटाळवाणा आलेख, ज्यात काहीच घडत नाही, तोच सगळ्यात महत्त्वाचा.

एमच्या अल्फाच्या सूत्रात वर ‘व्होल्टेज अधिक ४०’ आहे आणि खाली ‘एक वजा एक्सपोनेन्शियल’. व्होल्टेज नेमकं उणे ४० झालं की वर शून्य, खालीही शून्य. एनच्या बाबतीत हीच गाठ उणे ५५ ला. मोकळ्या धावण्यात रेष नेमक्या त्या आकड्यावर क्वचितच पडते, म्हणून महिनोन् महिने काही कळत नाही. पण व्होल्टेज क्लॅम्पची नक्कल करताना माणूस हमखास गोल आकडे घेतो, उणे ६०, उणे ५०, उणे ४०, आणि तिथे संगणक ‘नॅन’ म्हणतो, म्हणजे हा आकडाच नाही. एकदा नॅन शिरला की त्याला स्पर्श करणारी प्रत्येक राशी नॅन होते आणि आलेख मधूनच कापल्यासारखा संपतो. खरी किंमत तिथे व्यवस्थित आहे: एमसाठी १, एनसाठी ०.१. त्या बिंदूच्या अगदी जवळ सूत्र सोडून ती किंमत आणि थोडा उतार वापरायचा. न्यूरॉन या प्रोग्रॅमच्या झडपांच्या फायलीत ‘व्हीट्रॅप’ नावाचं छोटं फंक्शन याच कामासाठी बसलेलं असतं. ते वाचताना मला नेहमी वाटतं, जुन्या वाड्याच्या उंबऱ्याला कुणीतरी खिळा ठोकून ठेवलाय, कारण तिथे कुणीतरी ठेचकाळलं होतं.

घासाची लांबी हा आणखी एक सापळा. साध्या ऑयलर पद्धतीत, म्हणजे आत्ताचा वेग पूर्ण घासभर तसाच धरून पुढे सरकायचं, ०.०१ मिलिसेकंद सुरक्षित आहे. घाईत कुणी ०.१ करतं. विश्रांतीत काहीच बिघडत नाही, कारण तिथे एकूण वाहकता ०.७ च्या आतच असते आणि पटल सावकाश हलतं. पण स्पाइकच्या शिखराजवळ सोडियमची वाहकता तिसाच्या आसपास जाते. कपॅसिटर १, वाहकता ३०, म्हणजे पटलाचा स्वतःचा वेळ ०.०३ मिलिसेकंद. ऑयलरचा घास याच्या दुपटीपेक्षा मोठा असला की प्रत्येक फेरीत चूक वाढतच जाते, रेष दातेरी होते, आणि एक्सपोनेन्शियल फुगून संगणक हात टेकतो. म्हणजे कोड शांततेत शहाणा आणि नेमका स्पाइकच्या क्षणी वेडा. झडपांसाठी एक चांगला मार्ग आहे. त्या एवढ्याशा घासात व्होल्टेज स्थिर धरलं तर झडपेचं समीकरण हाताने नेमकं सुटतं: झडप आपल्या अंतिम किमतीकडे ठरलेल्या वेगाने सरकते. तेच उत्तर वापरलं की झडप कधी शून्याच्या खाली किंवा एकाच्या वर जाऊच शकत नाही. रश आणि लार्सन यांनी १९७८ मध्ये हृदयाच्या पेशींच्या गणितासाठी हेच मांडलं, आणि आज बहुतेक तयार प्रोग्रॅम याच जातीचं काहीतरी वापरतात.

तापमानाची गोष्ट मला सगळ्यात जिव्हाळ्याची वाटते. मूळ आकडे ६.३ अंश सेल्सियसचे. माकळाचा तंतू थंड पाण्यात ठेवलेला होता, म्हणून. तापमान दहा अंशांनी वाढलं की झडपांचे दर तिप्पट, असा नियम समीकरणात आहे. आता मेंदूच्या पेशीचं सिम्युलेशन करायचं म्हणून माणूस सहज ३७ अंश लिहितो, आपल्या अंगाचं तापमान. दर एकोणतीस पटींनी वाढतात. आणि स्पाइक नाहीसा होतो. करंट द्या, रेष किंचित उचकते आणि बसते. कोडमध्ये कुठेही चूक नाही. सोडियमची झडप उघडायचा वेग वाढला खरा, पण पटलाचा कपॅसिटर तापमानाने हलका होत नाही, त्याला भरायला तेवढाच वेळ लागतो. तोवर एच मिटलेली असते आणि एन उघडलेली असते. जी आग पेटायला उसंत लागते ती उसंतच मिळत नाही. जास्त तापमानाला माकळाच्या तंतूतही वहन थांबतंच. म्हणजे पडद्यावरची पेशी खोटं बोलत नव्हती, ती म्हणत होती की मला थंड समुद्रातून उचलून उबदार रक्तात टाकलंत. उबदार प्राण्याच्या पेशीसाठी झडपाही उबदार प्राण्याच्या हव्यात.

आता पुन्हा त्या न मागितलेल्या स्पाइककडे. त्याची उलटतपासणी कशी घ्यायची? घास अर्धा करायचा, पुन्हा अर्धा करायचा. स्पाइकची वेळ किंचित सरकेल, पण दर खेपेला सरकणं निम्मं व्हायला हवं. तसं झालं तर तो घासाच्या लांबीतून जन्मलेला नाही. पद्धत बदलायची, ऑयलर सोडून दुसरी. स्पाइक तिथेच. करंट शून्याचा कंटाळवाणा आलेख आधीच तपासलेला. आता तो साक्षीदार आहे, आरोपी नाही. पण एवढ्याने तो का आला ते कळत नाही, आणि ‘का’ कळल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवणं मला तरी जमत नाही. मग व्होल्टेजचा आलेख बाजूला सारायचा आणि त्याच्याखाली एम, एच, एनचे आलेख काढायचे. बहुतेक लोक ते काढतच नाहीत, व्होल्टेज दिसलं की समाधान होतं. सगळी हकिकत तर खालीच लिहिलेली असते.

दाबाखाली तीस मिलिसेकंद काय चाललेलं असतं ते पाहा. विश्रांतीला एच ०.६ असते, म्हणजे शांत बसलेल्या पेशीतसुद्धा सोडियमच्या वाटांपैकी जवळजवळ चाळीस टक्के मिटलेल्या. उणे ८७ ला नेल्यावर एच सावकाश वर चढते, ०.९७ च्या घरात. सगळी दारं तयार. त्याच वेळी एन ०.३२ वरून ०.०८ च्या खाली उतरते, आणि तिचा चौथा घात म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पोटॅशियमची वाट कुलूपबंद. आता करंट काढला. एम चटकन जागेवर येते, तिला मिलिसेकंदही लागत नाही. एच आणि एनला पाच ते आठ मिलिसेकंद लागतात. मधल्या त्या थोड्या वेळात पेशी उणे ६५ वर परत आलेली असते पण ती ६५ वरची नेहमीची पेशी नसते. तिला खाली धरून ठेवणारा पोटॅशियम अजून झोपलेला आहे. ओढणारी एकटी गळती उरली, आणि गळतीचा ओढा उणे ५४ कडे. म्हणून रेष ६५ ला थांबत नाही. तिला तिथे थांबवायला कुणी जाग्यावर नाही. ती वर सरकते, आणि वर सोडियमची सगळी दारं तयार उभी.

पहारेकरी झोपलेला आणि दारं उघडी, एवढंच.

खात्री करायची असेल तर एच आणि एन गोठवा. दोघींना विश्रांतीच्या किमतींवर खिळवून ठेवा, बाकी सगळं तसंच. तोच दाब द्या, तोच काढा. रेष वर येते, उणे ६५ वर टेकते आणि गप्प बसते. मग एकेक मोकळी करून पाहा, कुणाचा वाटा किती ते कळतं. खऱ्या तंतूवर हे करता येत नाही. नैसर्गिक झडपेला ‘तू जरा थांब’ असं सांगता येत नाही. सिम्युलेशनचं मोल मला इथे दिसतं, चित्र हुबेहूब काढण्यात नाही.

आणि हा स्पाइक नवा नव्हताच. खऱ्या तंतूवर ऋण करंट तोडला की असं होतं, हे समीकरणं मांडली जाण्याआधीपासून ठाऊक होतं. हॉजकिन आणि हक्सलींनी १९५२ च्या शेवटच्या निबंधात तो गणितातून काढूनही दाखवला आहे. एच ही राशी त्यांना मिळाली तीच मुळी तंतूला आधी दाबून, मग उचलून, सोडियमचा करंट किती मोठा येतो हे मोजण्यातून. दाबल्यावर पेशी जास्त तयार होते ही गोष्ट त्या झडपेच्या जन्मातच आहे. पाहणाऱ्याला धक्का बसतो तो केवळ व्होल्टेजच्या रेषेलाच पेशी समजल्यामुळे.

तरीही एक गोष्ट मनात सलते. गळतीचा तो उणे ५४.३८७ हा नेमका आकडा मोजलेला नाही. विश्रांतीला एकूण करंट बरोबर शून्य यावा म्हणून तो तसा बसवलेला आहे, मूळ निबंधातच हे लिहिलं आहे. आणि आपल्या गोष्टीत रेषेला ६५ च्या पुढे ओढणारी तर गळतीच. मग हा स्पाइक किती निसर्गाचा आणि किती बसवलेल्या आकड्याचा? मला वाटतं, बसवलेला असला तरी तो मोकाट नाही. सोडियम आणि पोटॅशियमची मोजमापं ठरली, विश्रांतीची पातळी ठरली, की गळतीला हलायला जागा फार उरत नाही. पण हा प्रश्न विचारायचा सोडू नये. त्या दोघांनी तो सोडला नव्हता. चौथ्या घाताऐवजी पाचवा किंवा सहावा घेतला असता तर मोजमापांशी जास्त जुळलं असतं, पण वाढीव कटकटीच्या मानाने फायदा थोडा, असं त्यांनी स्पष्ट नोंदवलं. आपली समीकरणं जुळतात म्हणून आतली यंत्रणा तशीच आहे असं समजू नका, हेही. पुढे पोटॅशियमचं चॅनेल, म्हणजे पटलातली त्याची खरी वाट, चार सारख्या तुकड्यांचं बनलेलं निघालं. चाराला चार जुळले म्हणून लोक हरखतात, मीही हरखतो, पण चार हा आकडा त्यांनी चॅनेल पाहून निवडला नव्हता, दांडा फिरवण्याचे कष्ट पाहून निवडला होता, हेही विसरवत नाही.

म्हणूनच दाब काढल्यावर उसळणारी प्रत्येक पेशी पाहून ‘एच आणि एन’ म्हणून मोकळं होता येत नाही. मेंदूच्या मध्यभागी थॅलॅमसमध्ये अशा पेशी आहेत, दाबून सोडल्या की एकदम स्पाइकचा झुबका टाकतात. तिथे काम करतं ते कॅल्शियमचं वेगळं चॅनेल, विश्रांतीच्या आसपास मिटलेलं आणि दाबल्यावर तयार होणारं. माकळाची समीकरणं घेऊन थॅलॅमसची उसळी समजावता येणार नाही. देखावा तोच, कारण वेगळं.

धन करंटाच्या बाजूलाही ही चार समीकरणं अशीच न मागता बोलतात. सततचा करंट साडेसहा मायक्रोअँपिअरच्या आसपास नेला की पेशी एकसारखे स्पाइक टाकू लागते, आणि सुरुवातीपासूनच घाईने, सेकंदाला पन्नासहून जास्त. अगदी सावकाश, सेकंदाला एक-दोन, असं तिला जमतच नाही. त्याहून विचित्र म्हणजे साडेसहा ते साडेनऊ या पट्ट्यात त्याच करंटाला पेशी गप्पही राहू शकते आणि धडधडतही राहू शकते, कशी सुरुवात झाली त्यावर. धडधडणाऱ्या पेशीला नेमक्या वेळी एक छोटासा टोला द्या, ती थांबते आणि करंट चालू असूनही थांबलेलीच राहते. हे आधी गणितात दिसलं, आणि १९८० मध्ये गटमन, लुइस आणि रिन्झेल यांनी माकळाच्या खऱ्या तंतूवर करून दाखवलं. आधी पडद्यावरची रेष आणि मग ओला तंतू, असा क्रम इतका स्वच्छ फार थोड्या ठिकाणी सापडतो.

मूळ प्रयोग कुणाला करून पाहायचा असेल तर एक सुचवतो. करंट उणे १० च ठेवा, पण तीस मिलिसेकंदांचा दाब वीस करा, मग दहा, मग पाच, मग दोन. सुरुवातीला स्पाइक येत राहतो. मग एका ठिकाणी तो येत नाही, कारण एचला चढायला आणि एनला उतरायला पुरेसा वेळ मिळालेला नसतो. त्या दोन आकड्यांच्या मधे अर्ध्या अर्ध्याने शिरत जा, दशांश, शतांश. सीमेच्या अगदी काठावर रेष उणे ६५ ओलांडून थोडी वर येते आणि तिथे थबकते. खाली एच उतरत असते, एन चढत असते. पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. मग ती हळूच माघारी वळते, किंवा वळत नाही.